बाई, यात समुद्र कुठं आहे?

संग्रहालयाची पायरी : वाचकांचे प्रश्न, एका निवृत्त इतिहास-शिक्षिकेची उत्तरं

मागच्या खेपेला मी सहज लिहून गेले होते, की सहलीच्या मुलांना मी आधी संग्रहालयाच्या पायरीवर बसवते, डबे उघडायला लावते आणि मगच आत नेते. त्यावर पत्रांचा ढीग आला. निम्मी पत्रं डब्यांविषयी, म्हणजे कुणी काय न्यावं आणि काय नेऊ नये याविषयी. उरलेल्यांतली बहुतेक समुद्राविषयी निघाली. बेळगाव, खानापूर, निपाणीच्या लोकांना समुद्राचं एवढं काय? घाट उतरून सव्वाशे किलोमीटर गेल्याशिवाय आपल्याला लाट दिसत नाही. पण माझी आजी वेंगुर्ल्याची, तिचे वडील तांडेल, म्हणजे गलबतावरच्या खलाशांचे म्होरके, त्यामुळं या पत्रांना उत्तरं द्यायला मला आवडणारच होतं. डब्यांचं पुढच्या वेळी.

प्रश्न : खानापूर तालुक्यातल्या एका शाळेतले शिक्षक लिहितात, "डिसेंबरात सातवीची मुलं जुन्या गोव्याला नेतोय. चर्च बघून झाल्यावर तिथल्या पुरातत्त्व संग्रहालयासाठी तासभर ठेवलाय. मागच्या वर्षी पोरं दहा मिनिटांत बाहेर आली. समुद्राचा इतिहास शिकवायचाय, पण आत बघावं तर सगळे दगड. काय दाखवू?"

सर, दगडच दाखवा. फक्त सगळे दाखवू नका, एकच दाखवा.

हे मी स्वतः उशिरा शिकले. वीसेक वर्षांपूर्वी आमच्या सातवीच्या मुली घेऊन मी त्याच संग्रहालयात गेले होते. पोर्तुगीज कवीचा तो धिप्पाड ब्राँझचा पुतळा बघून झाला. व्हाइसरॉयांच्या तैलचित्रांच्या रांगा झाल्या, मुलींनी त्यांच्या दाढ्यांना नावंही ठेवली. मग कदंबकाळातल्या वीरगळांपुढं, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांच्या स्मारक-दगडांपुढं आलो आणि मी पाठ केलेलं वाक्य म्हणून टाकलं, "गोव्याच्या कदंबांचं मोठं आरमार होतं." मागून एक मुलगी म्हणाली, "बाई, यात समुद्र कुठं आहे?" मला काही सुचेना. तेवढ्यात दुसरी एक खाली वाकली आणि म्हणाली, "अगं, वल्ही आहेत की. वल्ही आहेत म्हणजे पाणी असणारच." दगडाच्या खालच्या पट्टीत खरोखरच होडी होती. मी त्या दगडासमोरून त्याआधी तीन वेळा गेले होते.

वीरगळ तुमच्या मुलांना नवा नाही. आपल्याकडं मारुतीच्या देवळामागं, तळ्याकाठी नाहीतर शेताच्या बांधाला असा एखादा दगड असतोच. कुठं त्याला शेंदूर फासतात, कुठं तेल घालतात, कुठं त्याच्यावर बसून तंबाखू मळतात. तो खालून वर वाचायचा. सगळ्यात खाली लढाई आणि वीराचा मृत्यू. मधे अप्सरा त्याला वर नेताहेत. वरच्या चौकटीत तो शिवलिंगापुढं बसलाय, आणि माथ्यावर चंद्र-सूर्य, म्हणजे ते आहेत तोवर याचं नाव राहील. आपल्या भागात खालच्या चौकटीत बहुधा घोडा, तलवारी, पळवून नेलेल्या गाई असतात. किनाऱ्याकडच्या काही वीरगळांत त्याच जागी होडी येते. एवढा एकच फरक मुलांना शोधायला सांगा. कागदावर तीन चौकटी आखून द्या आणि खालून सुरुवात करून काढायला लावा. दहा मिनिटांत बाहेर पळणारं पोर अर्धा तास तिथून हलत नाही, हा माझा अनुभव.

पुढं कधी मुंबईला गेलात तर बोरिवलीजवळ एकसरला असे सहा वीरगळ आहेत. त्यांवर नुसती एखादी होडी नाही, जहाजांच्या ओळीच्या ओळी आहेत, वल्ही खाली, सैनिक वर. शिलाहार राजा सोमेश्वर आणि देवगिरीचा यादव महादेव यांच्यात १२६५च्या सुमारास झालेल्या समुद्रावरच्या लढाईशी अनेक अभ्यासक ते जोडतात. सोमेश्वर त्या समुद्रातच बुडाला, असं यादवांच्या बाजूची प्रशस्ती सांगते. जिंकणाऱ्याच्या भाटानं लिहिलेलं आहे, तेवढं लक्षात ठेवून वाचायचं.

पण मुंबई राहू दे. गोव्याला जाण्याआधी एका रविवारी मुलांना हलशीला न्या. तुमच्याच तालुक्यातली हलशी, म्हणजे जुनी पलाशिका. ती गोव्याच्या कदंबांची दुसरी राजधानी होती. तिथलं भूवराह-नरसिंहाचं देऊळ बाराव्या शतकातलं. म्हणजे ज्या राजांची जहाजं गोव्याच्या खाडीत उभी असायची, तेच राजे घाटावर तुमच्या मुलांच्या शेजारगावी नांदत होते. हे एकदा कळलं की जुना गोवा मुलांना परका राहत नाही.

बसमध्ये अनमोडचा घाट उतरताना सांगायला एक गोष्टही देते. कदंब राजा गुहल्लदेव जहाजानं सोमनाथाच्या यात्रेला निघाला होता. वाटेत डोलकाठी मोडली, आणि जहाज कसंबसं गोपकपट्टणाच्या, म्हणजे गोव्याच्या बंदराला लागलं. तिथं एका श्रीमंत अरब व्यापाऱ्यानं राजाला मदत केली. पुढं राजाचा नातू पहिला जयकेशी गादीवर आला, तेव्हा त्यानं त्या व्यापाऱ्याच्या नातवाला कारभारात मानाची जागा दिली. त्या नातवानं मशीद बांधली, आणि तिच्या खर्चासाठी बंदरात येणाऱ्या जहाजांवरच्या कराची तरतूद झाली. ही दंतकथा नाही. जयकेशीच्या १०५३च्या ताम्रपटात ती आहे. आजोबावरचे उपकार नातवानं नातवाला फेडले, हे पोरांना लगेच कळतं. ताम्रपट म्हणजे काय ते मग सावकाश सांगा.

आणि हो, पुरातत्त्व खात्याची अशी संग्रहालयं शुक्रवारी बंद असतात. आमची एक सहल त्या पायरीवरूनच डबे खाऊन परत आली होती.

प्रश्न : निपाणीहून एक वाचक विचारतात, "कोल्हापूरच्या टाऊन हॉलमधल्या संग्रहालयात ग्रीकांच्या समुद्रदेवाची मूर्ती बघितली. पंचगंगेच्या काठावर समुद्रदेवाचं काय काम? कुणी नंतर आणून ठेवली असेल काय?"

नंतर नाही आणली. कोल्हापुरातच, ब्रह्मपुरीच्या टेकडीवर १९४५च्या सुमारास ती जमिनीतून निघाली. पोसायडनची ब्राँझची मूर्ती, वीतभरही नाही. तिच्यासोबत रोमन बनावटीची ब्राँझची भांडीही मिळाली. मी पहिल्यांदा गेले तेव्हा देव इतका लहान असेल असं वाटलंच नव्हतं. मी आपली खोलीभर शोधत राहिले.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर वाऱ्यात आहे. साधारण दोन हजार वर्षांपूर्वी इजिप्तच्या तांबड्या समुद्रावरच्या बंदरांतून जहाजं जुलैच्या सुमाराला निघायची. आपल्याकडं जो वारा पाऊस घेऊन येतो तोच त्यांना आपल्या किनाऱ्यावर ढकलायचा. पाऊस ओसरल्यावर वारा उलटा फिरला की परत. त्या काळच्या एका ग्रीक खलाशी-व्यापाऱ्याच्या टिपणांत आपल्या किनाऱ्यावरच्या बंदरांची नावं लागोपाठ येतात, त्यांतलं सेमुल्ल म्हणजे आपलं चौल. तिकडून द्राक्षाची दारू, तांबं, कथील, शिसं, पोवळं यायचं. इकडून मिरी, हस्तिदंत, कापड जायचं. बंदरात उतरलेला माल बैलांच्या पाठीवर घाट चढायचा आणि वर सातवाहनांची गावं होती. ब्रह्मपुरी त्यांतलंच. आपल्या बेळगावला लागून माधवपूर-वडगावलाही सातवाहनकाळातल्या नगराचे अवशेष सापडलेत. वडगावच्या बसमधून उतरणाऱ्या किती जणांना ते ठाऊक आहे कोण जाणे.

माणूस समुद्रावर जातो तेव्हा देव बरोबर नेतोच. आमच्या आजीच्या वडिलांच्या गलबतात गणपतीची तसबीर होती, तसा त्यांच्यातल्या कुणाचा पोसायडन असेल. नाहीतर मग नुसताच विकायला आणलेला शोभेचा माल. मला पहिलं आवडतं, म्हणून दुसरं जास्त खरं असण्याची शक्यता मी स्वतःला मुद्दाम बजावते.

आणि व्यवहार एकतर्फी नव्हता. इटलीतलं पोम्पेई शहर इसवी सन ७९मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गेलं. १९३८मध्ये तिथल्या एका घरातून हस्तिदंताची बाई निघाली, दागिन्यांनी मढलेली, थेट आपल्याकडची. तिच्या घडणीशी जुळणाऱ्या हस्तिदंती बाहुल्या मराठवाड्यात तेर आणि भोकरदनला मिळाल्यात. इकडची बाई तिकडं सापडली, तिकडचा देव इकडं. कोल्हापुरात त्या काचेपुढं पुन्हा उभे राहाल तेव्हा त्याच्या अंगापेक्षा त्याच्या जागेकडं बघा. समुद्र कुठं, पंचगंगा कुठं, आणि मधला सगळा घाट बैलांनी चढलेला.

प्रश्न : बेळगावातली पाचवीतली एक मुलगी (आजोबांच्या अक्षरात) विचारते, "आम्ही मुंबईच्या संग्रहालयात शिवाजी महाराजांच्या आरमाराची छोटी जहाजं बघितली. खरी जहाजं का नाही ठेवली?"

बाळ, कारण ती खाल्ली गेली.

समुद्रात शिंपल्याच्या जातीचा एक मऊ, लांबडा किडा असतो. तो लाकडाला बारीक भोक पाडून आत शिरतो आणि आतून पोखरत जातो. बाहेरून फळी छान दिसते, बोट दाबलं की आत जातं. म्हणून आपले लोक दर पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढून घ्यायचे, खरवडायचे, फटींत कापूस आणि राळ भरायचे, उंडीचं तेल चोपडायचे. एवढं करूनही जहाज काही वर्षांनी थकायचंच. मग त्याच्या चांगल्या फळ्या काढून दुसऱ्याला लावायच्या, घराच्या तुळया करायच्या, उरलेलं चुलीत. माझ्या पणजीच्या घरात माडीवर जायच्या जिन्याची एक फळी जहाजाची होती असं आजी सांगायची. त्या फळीत कशाचीच खूण नव्हती, फक्त तिच्यावर पाय ठेवला की ती वेगळी वाजायची. समुद्राच्या मानानं माणसंच जास्त जहाजं मोडून खातात, असं म्हणायला हरकत नाही.

म्हणून संग्रहालयात छोट्या प्रतिकृती ठेवतात. पण त्या गप्प असतात. बघायचं कसं ते सांगते. दोन किंवा तीन डोलकाठ्या आणि पुढं लांब आलेली, खाली झुकलेली नाळ, म्हणजे जहाजाचं पुढचं टोक, दिसली की ती गुराब. तोफा त्या नाळेच्या बाजूला, पुढं मारा करायला. तिच्याशेजारी हलकं, पुष्कळ वल्ह्यांचं असतं ते गलबत. वारा पडला की गुराब जागची हलायची नाही, शिडं नुसती लोंबायची. तेव्हा गलबतं तिला दोर बांधून वल्हवत ओढून न्यायची. पुढच्या वेळी आजोबांना विचार, या दोन प्रतिकृती शेजारी ठेवल्यात तर मधे दोर का नाही बांधला?

आणि एक खरं, मोठं, न खाल्लेलं जहाज आहे. ते आपल्या मुंबईत जहाजं बांधणाऱ्या वाडियांच्या हाताखाली बांधलं गेलं, १८१७मध्ये पाण्यात सोडलं. लाकूड मलबारकडचं सागवान. नाव त्रिंकोमाली. ते आज इंग्लंडमध्ये हार्टलपूल नावाच्या गावी अजून पाण्यावर तरंगतंय, आत जाऊन बघता येतं. दोनशे वर्षं झाली. सागवानात तेलाचा अंश असतो, किड्याला ते सहजी रुचत नाही. मराठी राज्यात सागवानाची किंमत जाणलेली होती. जहाजांना लागणारी झाडंसुद्धा परवानगीनं तोडायची, आणि आंबा-फणसाला तर हात लावायचा नाही, कारण रयतेनं ती झाडं लेकरांसारखी वाढवलेली असतात, असा हुकूम रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आहे. तुझ्या घराजवळ सागवानाचं झाड असेल तर त्याचं कोवळं पान बोटांनी चुरगाळून बघ. बोटं लाल होतात. आता पुस्तकं बंद कर आणि ते करून ये.

प्रश्न : "कारवारला किनाऱ्यावर युद्धनौका ठेवलीय. मुलांना दाखवण्यासारखी आहे का? ती १९७१च्या युद्धात होती असं ऐकलं." (एक पालक, बेळगाव)

दाखवा, अवश्य. आयएनएस चपल ही सोव्हिएत बनावटीची क्षेपणास्त्रनौका. आत खलाशांचे पुतळे कामावर उभे केलेत, आणि माणसं इतक्या अरुंद जागेत राहायची हे पोरांना डोकं आपटल्यावर नीट कळतं. मात्र ती १९७६ला ताफ्यात आली, २००५ला निवृत्त झाली. ४ डिसेंबर १९७१च्या रात्री कराचीवर गेलेल्या क्षेपणास्त्रनौका निपात, निर्घात आणि वीर. चपल त्यांची धाकटी बहीण म्हणा.

तिथवर जाताच आहात तर पोरांना एवढंही सांगा, की फेब्रुवारी १६६५मध्ये शिवाजी महाराज स्वतः मालवणहून जहाजानं निघून थेट बसरूरला, म्हणजे आजच्या उडुपी जिल्ह्यात गेले होते. ८५ लहान लढाऊ जहाजं आणि ३ मोठी, असा आकडा इंग्रजांच्या वखारीच्या कागदात आहे. परतताना गोकर्ण, अंकोला करत ते कारवारला आले. सिंधुदुर्गाचा पाया घालून, २५ नोव्हेंबर १६६४नंतर, पुरते तीन महिनेसुद्धा झाले नव्हते.

प्रश्न : शहापूरहून एक ताई लिहितात, "आमचे पणजोबा वेंगुर्ल्याला बैलगाडीनं माल न्यायचे-आणायचे. त्यांच्या वेळचा एक पितळी कंदील, एक गंजका लोखंडी आकडा आणि लोणच्याची तपकिरी मोठी बरणी घरात आहे. स्वच्छ करून संग्रहालयाला द्यावं म्हणते. कसं करू?"

ताई, आधी हात मागं घ्या. काहीही घासू नका.

हे मी शहाणपणानं नाही, पश्चात्तापानं सांगते. आजीकडून माझ्याकडं एक पितळी तांब्या आला होता. तो बंदरावरचा, त्याच्या काठाखाली मोडीत काहीतरी कोरलेलं. वाचून घेऊ वाचून घेऊ म्हणत वर्षं गेली. एका दिवाळीच्या आदल्या दिवशी मी चिंच आणि राख घेऊन बसले आणि तो सोन्यासारखा केला. सगळ्यांनी वाहवा केली. मोडी वाचणारे एक ओळखीचे गृहस्थ भाऊबीजेला घरी आले, तेव्हा त्यांनी तो उन्हात धरला, तिरका केला, आणि म्हणाले, "इथं काहीतरी होतं." आधीच झिजलेली अक्षरं मी उरलीसुरलीही पुसून टाकली होती. तेव्हापासून घरात चिंचेचा कोळ फक्त आमटीत पडतो.

तर कंदील मऊ कोरड्या फडक्यानं पुसा, बस. कुठं नाव, आकडा, कारखान्याचा ठसा असेल तर कडेनं प्रकाश पाडून फोटो घ्या.

लोखंडी आकड्याचं जरा जपून. तो समुद्रात राहिलेला असेल तर त्याच्या पोटात मीठ आहे. बाहेर काढलेलं असं लोखंड वर्षानुवर्षं आतून फुगतं आणि त्याचे पापुद्रे सुटतात. जाणकार लोक ते मीठ काढायला वस्तू महिनोन्महिने औषधी पाण्यात ठेवतात. ते घरी करायचं काम नव्हे. पॉलिश पेपर मारू नका, रंग देऊ नका. कोरड्या जागी, जमिनीला न टेकवता ठेवा. पावसाळ्यात न्हाणीघराच्या भिंतीला तर मुळीच नको.

बरणी मात्र मला बघायलाच यावंसं वाटतंय. आपल्याकडं अशा चकाकीच्या बरणीला जुन्या बायका मर्तबान म्हणायच्या. हे नाव ब्रह्मदेशातल्या मर्तबान बंदरावरून आलं. तिथून असल्या बरण्या जहाजांतून जगभर जायच्या. म्हणजे फडताळात लोणचं मुरतंय आणि त्याच्या नावात एक बंदर. तुमची बरणी तिकडचीच असेल असं नाही, पुढं सगळ्याच मोठ्या बरण्यांना तो शब्द चिकटला. पालथी करून बूड बघा, चकाकी न दिलेला भाग कसा आहे, काही खूण आहे का. आत लोणचं असेल तर आधी ते संपवा.

आता देण्याचं. द्यायच्या आधी वहीत लिहा, पणजोबा कुठून कुठं जायचे, कुठल्या घाटानं, परतताना गाडीत काय असायचं. मीठ, नारळ, खारा बांगडा, जे घरात ऐकलं असेल ते. १८८०च्या दशकात रेल्वे आली, माल मुरगावकडं वळला आणि वेंगुर्ल्याच्या गाडीवाटा सुन्या पडत गेल्या, त्यामुळं ही माहिती आता फक्त तुमच्यासारख्यांच्या घरातच आहे. माहिती नसलेला कंदील म्हणजे नुसता कंदील. फोटोत शेजारी पट्टी ठेवा. संग्रहालयाला देताना पोच घ्या, नोंदवहीतला क्रमांक मागून घ्या, आणि देणगी की काही काळापुरतं दिलं, ते कागदावर स्पष्ट करा. संकोचू नका, वस्तू तुमची आहे. १९७२च्या पुरावस्तू कायद्यात शंभर वर्षांवरची वस्तू पुरावस्तू ठरू शकते (हस्तलिखिताला पंचाहत्तर वर्षं), म्हणून भंगारवाला किंवा ‘अँटिक घेतो’ म्हणत दारात येणारा, दोघांनाही चहासुद्धा देऊ नका.

प्रश्न : "किनाऱ्यावरच्या एका संग्रहालयात फलक कन्नड आणि इंग्रजीत, दुसऱ्यात कोकणी आणि इंग्रजीत. आम्ही सीमाभागातल्या मराठी मुलांनी काय वाचायचं?" (एक वाचक, निपाणी)

तुमचा राग रास्त आहे. मीही तक्रारवहीत दोनदा लिहून आले. उत्तर आलं नाही. तोवर मी काय करायचे ते सांगते. एका कागदावर शब्द लिहून न्यायचे आणि मुलांना फलकांवर, बोलण्यात ते शोधायला लावायचे. आपल्या गावात गुरांना पाणी पाजायची दगडी डोणी असते ना? कन्नडमध्ये दोणी म्हणजे होडी. मूळ संस्कृत द्रोणी, कोरून पोकळ केलेलं. एकीत पाणी आत, दुसरीत बाहेर. तांडेल कारवारलाही तांडेलच. आणि पोर्तुगीजांनी जहाजातून उतरवलेले शब्द तर घरातच सापडतात, चावी, बालदी, पिंप, पगार, मेस्त्री, अननस, काजू. एका मुलीनं वर्गात विचारलं होतं, पोर्तुगीज यायच्या आधी आपले लोक पगाराशिवाय काम करायचे का? मी म्हटलं, शिक्षक करायचे.

प्रश्न : बेळगाव तालुक्याच्या पश्चिमेकडच्या एका गावातून एका तरुणानं फोटो पाठवलाय. "आमच्या वाड्यापुढं तीन भोकांचा उभा दगड आहे. जुन्या जहाजांचे दगडी नांगर असे असतात असं व्हिडिओत बघितलं. हा नांगर आहे का?"

फोटो बघून मला रात्री झोप लागली नाही, खरं सांगते. दगडी नांगर असतातच. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी विजयदुर्गाजवळ, द्वारकेला समुद्रतळाशी ते नोंदवलेत. त्यांतल्या एका प्रकारात उंच चौकोनी दगड असतो, वर दोर ओवायला एक गोल भोक, खाली लाकडी दांडे घालायला दोन चौकोनी भोकं. ती दोन भोकं एकमेकांना काटकोनात असतात, म्हणजे नांगर कसाही पडला तरी एक दांडा वाळूत रुततो. तुमच्या फोटोत भोकं तीन, ही गोष्ट खरी. पण घाटावर, समुद्रापासून एवढ्या लांब?

म्हणून मी सकाळच्या बसनं आलेच. तुम्ही कामाला गेला होता. मी दगडापुढं उकिडवी बसले, टॉर्च लावला, भोकात बोटं घालून बघितली. तिन्ही गोल. तिन्ही एकाच दिशेनं आरपार, काटकोन नाहीच. आणि झीज प्रत्येक भोकाच्या फक्त बाहेरच्या काठाला, जसं कुणीतरी रोज रस्त्याच्या बाजूला ओढ देत असावं. समुद्रात दगड लोळतो, चहूबाजूंनी घासतो. हा जन्मभर एकाच जागी उभा आहे.

तुमच्या आजी ओट्यावर तांदूळ निवडत माझा हा सगळा खेळ बघत होत्या. तासाभरानं त्यांनी विचारलं, "बाई, काय हरवलंय?" मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "मला विचारायचं की आधी. मामंजी गुरं बांधायचे."

मी विचारलं, मग भोकं तीनच का?

"दोन बैल आणि एक म्हैस," त्या म्हणाल्या, आणि चहा टाकायला आत गेल्या.